शस्त्रक्रियेनंतरचा कागद

शस्त्रक्रिया म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे प्रखर दिवे, हिरवी वस्त्रे आणि एक बंद दार एवढेच चित्र उभे राहते. दार उघडते, डॉक्टर बाहेर येऊन 'सर्व ठीक आहे' असे सांगतात, आणि बाहेर बसलेल्यांच्या लेखी गोष्ट तेथे संपते. ज्याच्यावर शस्त्रक्रिया झाली त्याची गोष्ट मात्र पुष्कळदा तेथूनच सुरू होते. टाके, ताप, नळ्या, पुन्हा तपासणी, पुन्हा दाखल होणे, आणि या प्रत्येक पायरीला एक कागद. आज मला आपल्याशी बोलावयाचे आहे ते अशा एका शस्त्रक्रियेमागाहून येणाऱ्या उपद्रवांविषयी आणि त्यांच्या बिलांविषयी, की जिचे नाव निघताच एरवी समंजस असणारी माणसेही एकतर आवाज खाली आणतात किंवा हसू लागतात. लिंगपरिवर्तनाची शस्त्रक्रिया हे तिचे रूढ नाव. जन्माच्या वेळी नोंदवले गेलेले लिंग आणि स्वतःची अंतरीची ओळख ज्यांच्या ठायी जुळत नाही, त्यांना मराठीत आता पारलिंगी म्हणू लागले आहेत. या व्यक्तींपैकी अनेकांना 'परिवर्तन' हा शब्द मान्य नाही. आम्ही बदलत नाही, आम्ही जे आहोत त्याच्याशी देह जुळवून घेतो, असे त्यांचे म्हणणे. आणि मला ते पटते. तथापि दरपत्रकावर आणि विम्याच्या पॉलिसीवर जुनाच शब्द छापलेला असतो, व आजचा विषय त्या कागदांचा आहे, म्हणून येथे मी तोच वापरीन.

या शस्त्रक्रियेचा इतिहास आपल्या देशाला एका अनपेक्षित ठिकाणी येऊन भिडतो. १५ मे १९६२ रोजी डलहौसी येथे एक इंग्रज बौद्ध भिक्षू मरण पावला. मायकेल डिलन हे त्याचे पूर्वाश्रमीचे नाव. जन्माच्या वेळी त्याची नोंद मुलगी म्हणून झाली होती. पहिल्या महायुद्धात विद्रूप झालेल्या सैनिकांचे चेहरे पुन्हा घडवून ज्यांनी कीर्ती मिळवली, त्या सर हॅरल्ड गिलीज यांनी १९४६ ते १९४९ या काळात डिलनवर किमान तेरा शस्त्रक्रिया केल्या. डिलन त्या वेळी स्वतः वैद्यकाचा विद्यार्थी होता. जखमा चिघळत, तो आजारी पडे, आणि बरा होऊन पुन्हा शस्त्रक्रियेसाठी परत येई. गिलीज यांनी केसपेपरवर निदान लिहिले ते मूत्रमार्गाच्या एका जन्मजात व्यंगाचे. खरे कारण लिहिले असते तर रुग्णाचे गुपित फुटले असते. अशा शस्त्रक्रियांच्या अगदी आरंभीच्या या प्रकरणात दोन गोष्टी स्पष्ट दिसतात. हे काम एका बैठकीत उरकत नाही, ही पहिली. आणि रुग्णाचे पुढे काय होणार हे डॉक्टरच्या सुरीइतकेच त्याच्या लेखणीवरही अवलंबून असते, ही दुसरी.

प्रथम देहाकडे वळू. स्त्रीदेहाकडे नेणाऱ्या शस्त्रक्रियेत योनिमार्ग घडवावा लागतो. त्यासाठी जवळची त्वचा वापरतात किंवा मोठ्या आतड्याचा तुकडा. त्वचेच्या मार्गाचा स्वभाव आकसण्याचा असतो. त्यामुळे ठरावीक जाडीच्या कांड्या नियमाने वापरून तो मोकळा ठेवावा लागतो, आरंभी रोज, पुढे कमी वेळा, परंतु वर्षानुवर्षे. आतड्याचा तुकडा तितका आकसत नाही. मात्र त्यासाठी पोट उघडावे लागते, आतड्याच्या सांध्यातून गळती होण्याचा धोका पत्करावा लागतो आणि स्रावाचा त्रास मागे लागू शकतो. मागे गुदाशय अगदी लगत असतो. त्याला इजा झाली तर दोन मार्गांमध्ये छिद्र पडते, आणि ते भरून येईपर्यंत काही रुग्णांना पोटावर पिशवी लावून राहावे लागते. हा उपद्रव क्वचित घडतो. मूत्रछिद्र अरुंद होणे, टाक्यांची जागा उघडणे, कलमाचा एखादा भाग न धरणे हे त्या मानाने अधिक वेळा. पुरुषदेहाकडे नेणाऱ्या शस्त्रक्रियांत छातीची शस्त्रक्रिया तुलनेने सोपी. तरी तेथेही रक्त साकळते, स्तनाग्राचे कलम धरत नाही. खरा कस लागतो तो हाताच्या किंवा मांडीच्या मांसत्वचेतून लिंग घडवून त्यातून मूत्रमार्ग लांबवण्यात. नव्या नळीला मध्येच छिद्र पडून मूत्र भलतीकडून गळणे किंवा नळी आकसून धार तुटणे, हे तेथील नेहमीचे दुखणे होय. निष्णात शल्यविशारदाच्या हातूनही ते उद्भवते.

काही चिन्हे मात्र दुसऱ्या दिवशीच्या वेळेची वाट पाहण्यासारखी नसतात. लघवी अजिबात बंद होणे, पट्टीतून रक्त थांबेनासे होणे, थंडी वाजून ताप भरणे, एका पोटरीस सूज येऊन ती दुखणे, एकाएकी धाप लागणे. शेवटच्या दोहोंचा अर्थ शिरेत रक्ताची गुठळी झाली असण्याचा संभव, आणि ती फुप्फुसात गेली तर प्राणावर बेतते. अशा वेळी जवळचे रुग्णालय गाठावे. 'ज्यांनी ऑपरेशन केले त्यांच्याकडेच जा' हे वाक्य या रुग्णांना वारंवार ऐकावे लागते. परक्या हातचे काम आपल्या अंगावर घेण्यास डॉक्टर कचरतात, हे मानवी आहे. पण तातडीच्या प्रसंगी ते चालत नाही. परमानंद कटारा यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले आहे की, सरकारी असो वा खाजगी, प्राण वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे. पारलिंगी व्यक्तीला आरोग्यसेवा नाकारण्यास २०१९ च्या कायद्याने वेगळी मनाईही केली.

मी आतापर्यंत 'उपद्रव' हा शब्द योजला आहे तो सहज नव्हे. चरकसंहितेत मूळ रोगानंतर उद्भवणाऱ्या आणि त्याच्या आश्रयाने राहणाऱ्या विकाराला उपद्रव म्हटले आहे, आणि तोही रोगच होय असे तेथे बजावले आहे. आजच्या विमा कंपनीशी वाद घालताना याहून नेमका आधार मला तरी दुसरा सुचत नाही.

कारण बिलाच्या दृष्टीने तीन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात, आणि रुग्णालयाच्या खिडकीवर त्या नेमक्या एकमेकींत मिसळतात. पहिली, शस्त्रक्रियेचा आधीच ठरलेला पुढला टप्पा. माजलगावचे पोलीस शिपाई ललित साळवे यांचे प्रकरण महाराष्ट्राला आठवत असेल. रजेसाठी त्यांना २०१७ साली उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले; मग मुंबईच्या सेंट जॉर्ज या शासकीय रुग्णालयात मे २०१८ मध्ये पहिली शस्त्रक्रिया झाली, आणि पुढचे टप्पे मागाहून झाले. ते टप्पे हा बिघाड नव्हता; ती योजनाच होती. दुसरी गोष्ट म्हणजे उपद्रव: कोणाचाही दोष नसताना उद्भवणारा. आणि तिसरी, हलगर्जीपणा. रुग्णाला तिन्ही सारख्याच दुखतात. परंतु पहिलीचे पैसे पॅकेजमध्ये आधीच धरलेले असतात किंवा नसतात. दुसरीचे कोणी द्यावयाचे याबद्दल करार बहुधा मूक असतो. आणि तिसरीचे रुग्णाने मुळीच देऊ नयेत, उलट त्याला भरपाई मिळावी, असे कायदा म्हणतो. एकच तक्रार तीनपैकी कोणत्या रकान्यात पडते हे ठरवणारा कागद रुग्णाजवळ नसला, तर ती सर्वात महागड्या रकान्यात पडते. महागडी, अर्थात, रुग्णाला.

कागद हाती नसण्याने काय होते याचे एक दुःखद उदाहरण रेडिओशीच संबंधित आहे. अनन्या कुमारी अॅलेक्स ही केरळातील पहिली पारलिंगी रेडिओ-निवेदिका. २०२० मध्ये तिच्यावर शस्त्रक्रिया झाली. पुढे वर्षभर ती सांगत राहिली की शस्त्रक्रिया फसली आहे, मला फार वेळ उभे राहता येत नाही, काम करता येत नाही, आणि माझे वैद्यकीय कागद मला नीट मिळत नाहीत. रुग्णालयाने आपली चूक नाकारली. २० जुलै २०२१ रोजी ती कोचीच्या आपल्या घरी मृतावस्थेत आढळली, आणि मग राज्य शासनाने चौकशीचे आदेश दिले. कोणाचे खरे होते याचा निवाडा करणे हे माझे काम नाही. तिच्या मागण्यांपैकी कागदांची मागणी ही सर्वात स्वस्त व सर्वात सोपी होती, एवढे मात्र म्हणावेसे वाटते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या नियमांनुसार रुग्णाने मागितलेली कागदपत्रे ७२ तासांत द्यावी लागतात, आणि दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपाव्या लागतात. मागणी लेखी करावी आणि पोच घ्यावी. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाचा हा सल्ला कोणाला कोरडा वाटेल. पण पोच नसलेला अर्ज हा केलेलाच नसतो.

आता राजधानीच्या परिसरात येऊ. मुंबईहून वा पुण्याहून नोकरीसाठी आलेल्या मराठी तरुणांना दिल्ली हे एक शहर वाटते. कायद्याच्या दृष्टीने ती तीन राज्यांची सरमिसळ आहे. समजा, ठाण्याची एक पारलिंगी तरुणी मयूर विहारला राहते, नोएडाच्या कंपनीत काम करते आणि शस्त्रक्रिया गुरुग्रामच्या खाजगी रुग्णालयात करून घेते. राहते घर दिल्लीत, पगार उत्तर प्रदेशात, ऑपरेशन हरियाणात. मेट्रोच्या नकाशावर ही अंतरे क्षुल्लक आहेत. पण दिल्लीतील खाजगी रुग्णालये नोंदली जातात १९५३ च्या नर्सिंग होम कायद्याखाली, आणि हरियाणा व उत्तर प्रदेशाने स्वीकारला आहे तो केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा. डॉक्टरविरुद्ध आचारसंहितेची तक्रार करावयाची तर तो ज्या राज्याच्या परिषदेत नोंदला असेल तेथे जावे लागते.

तर या तरुणीने शस्त्रक्रियेआधी एक पॅकेज स्वीकारलेले असते. पॅकेज हा मोठा दिलासा देणारा शब्द आहे. त्यात शल्यविशारदाची व भूलतज्ज्ञाची फी, शस्त्रक्रियागृहाचे भाडे, ठरावीक दिवसांची खोली, नेहमीची औषधे येतात. त्याच कागदाच्या तळाशी, बारीक अक्षरांत, जे येत नाही त्याची नोंद असते: ठरल्याहून अधिक दिवस, अतिदक्षता विभाग, रक्त, आणि उपद्रवांवरील उपचार. 'दुरुस्ती लागल्यास आम्ही फी घेणार नाही' असे डॉक्टर तोंडी सांगतात, आणि ते प्रामाणिकपणे सांगतात. परंतु ते बोलतात स्वतःच्या फीविषयी. शस्त्रक्रियागृह, भूल, खोली आणि साहित्य यांचे बिल रुग्णालय करते, आणि ते पूर्ण येते. म्हणून पैसे भरण्यापूर्वी एक प्रश्न लेखी विचारावा: सहा महिन्यांच्या आत याच शस्त्रक्रियेमुळे पुन्हा दाखल व्हावे लागले, तर कोणत्या बाबींचे पैसे आकारले जातील? दरपत्रक देण्यास जे रुग्णालय तत्पर असते, ते या प्रश्नावर कधीकधी बरेच दिवस विचार करते. त्या दिवसांवरूनही काही समजते.

सहाव्या आठवड्यात तिची लघवीची धार बारीक होत जाते आणि एका रात्री बंद पडते. दाखल करतात, नळी घालतात, आकुंचन पावलेला भाग मोकळा करण्याची छोटी शस्त्रक्रिया ठरते. विम्याची मागणी पाठवली जाते, आणि ती नामंजूर होऊन येते. कारण लिहिलेले असते वर्जन क्रमांक सात.

हे वर्जन काय आहे? विमा नियामक प्राधिकरणाने २७ सप्टेंबर २०१९ रोजी आरोग्य विम्यातील वर्जने प्रमाणित केली, म्हणजे कोणत्या गोष्टी विम्याबाहेर ठेवता येतील त्यांची ठरावीक भाषा व क्रमांक दिले. सातव्या क्रमांकावर आहे शरीराची लक्षणे विरुद्ध लिंगाच्या लक्षणांत बदलण्यासाठी केलेल्या कोणत्याही उपचाराशी संबंधित खर्च. आठव्यावर आहे सौंदर्यशस्त्रक्रिया. बहुसंख्य पॉलिसींत ही वर्जने याच क्रमांकांनी छापलेली आढळतात. आता गंमत अशी, की त्यानंतर सव्वादोन महिन्यांनी, ५ डिसेंबर २०१९ रोजी, पारलिंगी व्यक्तींच्या हक्करक्षणाच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि त्याच्या पंधराव्या कलमात संसदेने शासनावर असे कर्तव्य टाकले की याच शस्त्रक्रियेचा, संप्रेरक उपचारांचा व इतर आजारांचा खर्च सर्वसमावेशक विमा योजनेतून भागवण्याची तरतूद करावी. एकाच वर्षाच्या शरद ऋतूत एक दार बंद करून घेण्यात आले आणि हेमंतात तेच उघडण्याचे वचन दिले गेले. फायलींच्या जगात असे घडते. दोन टेबलांचे तोंड दोन दिशांना असते. पण त्या दोन टेबलांच्या मध्ये आपली ही तरुणी मूत्रनळी लावून उभी आहे.

मूळ शस्त्रक्रियेला सातवे वर्जन लागू पडते, हे नाकारण्यात अर्थ नाही. काही कंपन्यांनी आपल्या कर्मचाऱ्यांच्या सामूहिक पॉलिसीत ते मागे घेतलेले असते, तेवढे तिने नोएडाच्या कचेरीत विचारून पाहावे. प्रश्न उपद्रवाचा आहे. लघवी मोकळी करण्याचा उपचार हा देहाची लक्षणे बदलण्याचा उपचार नव्हे. ती बदलून झालेली आहेत. कंपनी बोट ठेवते ते 'संबंधित' या शब्दावर. पण संबंध कोठवर ताणावयाचा? दहा वर्षांनी त्याच जागी जंतुदोष झाला तर तोही संबंधितच म्हणावा लागेल. विमा करारातील संदिग्ध शब्दाचा अर्थ तो शब्द लिहिणाऱ्या कंपनीच्या विरुद्ध लावावा, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९६६ च्या चंदुमल जैन प्रकरणात मांडले. आणि वर्जन लागू पडते हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर असतो, हेही नंतरच्या निवाड्यांत सांगितले गेले. हा युक्तिवाद प्रत्येक वेळी जिंकेलच असे नाही. तो करण्याजोगा मात्र निश्चित आहे, आणि तो उभा राहतो डिस्चार्ज कार्डावरील एका ओळीवर.

रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत, जी आपल्याकडील बिलांवर वापरली जाते, शस्त्रक्रियेनंतर होणाऱ्या मूत्रमार्ग-आकुंचनाला स्वतःचा स्वतंत्र क्रमांक आहे: एन ९९.१. तो मूत्र व जननसंस्थेच्या रोगांच्या प्रकरणात येतो. शस्त्रक्रिया कोणती होती हे तो विचारत नाही. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर एखाद्या आजोबांचा मूत्रमार्ग आकसला तरी क्रमांक हाच. याउलट त्याच आवृत्तीत पारलिंगी असण्याला मानसिक विकारांच्या प्रकरणात एफ ६४ हा क्रमांक दिलेला होता. अकराव्या आवृत्तीने, जी १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली, ही नोंद मानसिक विकारांतून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेली. पण जुनी सवय मोडावयास वेळ लागतो. घाईत असलेला निवासी डॉक्टर जुन्या कार्डावरचे पहिले निदान पुन्हा उतरवून काढतो, आणि आकुंचनासाठी दाखल झालेल्या रुग्णाच्या कागदावर एफ ६४ येऊन बसतो. विमा कंपनीच्या कारकुनाला मग दुसरे काही वाचावे लागत नाही.

गिलीजप्रमाणे खोटे निदान लिहावे असे मी सुचवीत नाही. माहिती दडवणे हा पॉलिसीतला मोठा दोष ठरतो, आणि तो रुग्णाच्याच अंगावर येतो. पूर्वी कोणती शस्त्रक्रिया झाली ते पूर्वेतिहासाच्या रकान्यात लिहावे. आज कशासाठी दाखल केले ते निदानाच्या रकान्यात लिहावे. आणि उपचार न केल्यास मूत्रपिंडाला कोणता धोका होता, तेही डॉक्टरांच्या सहीने नमूद व्हावे. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. फक्त प्रत्येक आपापल्या जागी हवी. वॉर्डातून बाहेर पडण्याआधी कार्ड वाचून पाहणे व दुरुस्ती मागणे यात संकोच वाटण्याचे कारण नाही. घरी गेल्यावर तीच दुरुस्ती महिनाभर फिरवते.

करांचेही थोडे सांगितले पाहिजे. २८ जून २०१७ च्या अधिसूचनेने आरोग्यसेवेला वस्तू व सेवा करातून सूट दिली, पण सौंदर्य व प्लास्टिक शस्त्रक्रिया त्या सुटीतून वगळल्या. जन्मजात दोष, वाढीतील विकृती, इजा किंवा आघात यांमुळे बाधित झालेली शरीररचना वा कार्य पूर्ववत करण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया तेवढी सुटीत ठेवली. तेव्हा आकुंचनावरील शस्त्रक्रियेच्या बिलावर 'प्लास्टिक सर्जरी' एवढेच मोघम लिहिलेले असेल आणि खाली कर लागलेला असेल, तर तो का लागला हे विचारावे. अतिदक्षता विभाग वगळता, दिवसाला ५,००० रुपयांहून अधिक भाड्याच्या खोलीवर १८ जुलै २०२२ पासून पाच टक्के कर लागू झाला. ती गोष्ट वेगळी. हे सर्व दिसण्यासाठी बिल तपशीलवार हवे. 'शस्त्रक्रिया व साहित्य' अशा एका ओळीत मोठी रक्कम लिहून दिली तर तो हिशेब नव्हे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दर आधी कळण्याचा हक्क आहे आणि बिलाच्या वादावरून रुग्णाला अडकवून न ठेवण्याचाही.

खाजगी रुग्णालयाबाहेर वाट नाही असे मात्र समजू नये. दिल्ली गेटजवळच्या लोकनायक रुग्णालयात या शस्त्रक्रिया होत आल्या आहेत. राममनोहर लोहिया रुग्णालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये पारलिंगी रुग्णांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग उघडला. रांग लांब असते, तारखा दूरच्या मिळतात. परंतु उपद्रव उद्भवला तर त्याचे निराळे पॅकेज तेथे नसते. वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण देणारा आयुष्मान भारतचा पारलिंगी व्यक्तींसाठीचा करार २४ ऑगस्ट २०२२ रोजी दिल्लीतच झाला, आणि त्यात शस्त्रक्रियेबरोबर तिच्यानंतरचे उपचारही धरले गेले. त्या दिवशी दिल्ली मूळ आयुष्मान योजनेत सामीलच नव्हती. ती झाली ५ एप्रिल २०२५ रोजी.

संमतिपत्राविषयी दिल्लीतलाच एक निवाडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. समीरा कोहली यांच्या प्रकरणात तपासणीसाठी भूल दिलेल्या प्रौढ स्त्रीचे गर्भाशय व बीजकोश, ती शुद्धीवर येण्याची वाट न पाहता, तिच्या आईच्या संमतीवर काढण्यात आले होते. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, प्रौढ व समर्थ रुग्णाऐवजी दुसऱ्याची संमती चालत नाही, आणि संमती घेताना उपचाराचे स्वरूप, पर्याय व मोठे धोके रुग्णाला कळले पाहिजेत. डॉक्टरांना शस्त्रक्रियेची फी नाकारली गेली आणि २५,००० रुपये भरपाई ठरली. रक्कम लहान वाटेल. पण आपल्या या तरुणीच्या हाती त्यामुळे एक माप आले: तिच्या संमतिपत्रावर आकुंचनाचा धोका लिहिला होता का? लिहिला असेल, तर तो घडला एवढ्यावरून हलगर्जीपणा सिद्ध होत नाही. लिहिला नसेल, तर विचारण्यासारखे पुष्कळ आहे.

विमा कंपनीने नकार दिला तर पहिली तक्रार कंपनीकडेच करावी लागते. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत जाता येते. तेथे शुल्क नाही, वकिलाची गरज नाही, आणि ५० लाख रुपयांपर्यंतचे दावे चालतात. दिल्लीला त्यांचे कार्यालय आहे, नोएडाला वेगळे आहे. रुग्णालयाविरुद्धची वाट ग्राहक आयोगाची. डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे १९९५ च्या शांता प्रकरणापासून निश्चित आहे. आणि २०१९ च्या ग्राहक कायद्याने पूर्वी नव्हती अशी सोय केली, की तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथेच तक्रार दाखल करता येते. शस्त्रक्रिया गुरुग्रामला झाली असली तरी मयूर विहारच्या रहिवाशाला आपल्याच जिल्ह्याच्या आयोगापुढे उभे राहता येते. मुदत दोन वर्षांची. ती सामान्यतः तक्रारीचे कारण घडले त्या दिवसापासून मोजतात, आणि वाटाघाटीत, आश्वासनांत व तिसऱ्या-चौथ्या दुरुस्तीच्या प्रतीक्षेत ती भराभर सरते. पहिल्या शस्त्रक्रियेची तारीख, उपद्रव प्रथम लक्षात आल्याची तारीख आणि नकाराच्या पत्राची तारीख, या तिन्ही एका चिठ्ठीवर लिहून ठेवाव्यात.

दुसरी एक चिठ्ठी पाकिटात असावी. कोणती शस्त्रक्रिया केव्हा झाली, नवा मार्ग त्वचेचा की आतड्याचा, मूत्रछिद्र आता कोठे आहे, कोणत्या जाडीची नळी जाते, कोणती संप्रेरके चालू आहेत, आणि शल्यविशारदाचा दूरध्वनी. रात्री दोन वाजता अपघात विभागात ड्यूटीवर असलेल्या डॉक्टराने असा देह पूर्वी पाहिलेला असेलच असे नाही. त्या वेळी सगळे तोंडी समजावून सांगण्याइतकी शक्ती रुग्णाच्या अंगात नसते, आणि ओळखपत्रावरचे नाव अजून जुनेच असेल, तर खिडकीवरचा माणूस पहिला अर्धा तास त्याच प्रश्नात घालवतो.